पान बेचाळीसवरचा भाऊ

चिरंजीव धाकटे ग्रंथकार यांस,

थोरल्याचा आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे तसेच. चार वर्षांत तू विचारलं नाहीस, तरी सांगतो, एखाद्या पुस्तकात घालायला उपयोगी पडेल.

पत्रास कारण, तुझं इंग्रजी व्याकरण. आमच्या कारखान्यात आता पाळीप्रमुख व्हायचं तर बॉयलरची नोंद इंग्रजीत लिहावी लागते. (बॉयलरला कुठलीच भाषा कळत नाही, हे बावीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.) म्हणून आम्ही सहा जण काम सुटल्यावर पॅकिंगच्या खोलीत खोक्यांवर बसून शिकतो, आणि मास्तरांनी नेमकं तुझंच पुस्तक लावलं. मी छाती फुगवून सांगून टाकलं, की लेखक माझा सख्खा भाऊ. तिथेच चुकलं.

पूर्ण वर्तमानकाळापर्यंत बरं चाललं होतं. हॅव किंवा हॅज घ्यायचं, पुढे क्रियापदाचं तिसरं रूप लावायचं. ती रूपं मी मोरीच्या दारावर चिकटवली. तुझ्या वहिनीची दात घासता घासता माझ्याआधी पाठ झाली. गोष्ट घडून गेली आणि तिचा परिणाम अजून आहे, एवढंच यात सांगायचं, असं तू छान समजावलं आहेस. मग आलं पान बेचाळीस. 'माय एल्डर ब्रदर हॅज फेल्ड थ्री टाइम्स.' माझा थोरला भाऊ तीनदा नापास झाला आहे. खाली, त्याने आजवर एकही पुस्तक वाचलेलं नाही. मास्तरांनी दोन्ही वाक्यं मलाच मोठ्याने वाचायला लावली. आता गेटवरचा वॉचमनसुद्धा मला 'हॅज फेल्ड' म्हणून हाक मारतो.

साल तू दिलं नाहीस, कारण या काळात साल लिहायचं नसतं म्हणे. मी लिहितो. तिसऱ्यांदा नापास झालो ते बाबा गेले त्या वर्षी. तुझं कॉलेज सुटू नये म्हणून पेपरच्या दिवशी मी बॉयलरवर उभा होतो. आणि एक पुस्तक मी वाचलं आहे. तुझं. रागाने वाचलं, पण शेवटपर्यंत.

तुझा,
उदाहरणातला भाऊ

ता. क. वाक्यं काढू नकोस. वर्गाला तीच पाठ आहेत, आणि परीक्षा सोमवारी आहे.

ता. क. दुसरा. खरं पत्र याच्यासाठी. त्याच पानावर शेवटी आहे, 'आय हॅव ऑलवेज रिटन टु माय मदर.' मी आईला नेहमी पत्र लिहीत आलो आहे. पुस्तकात आपल्याबद्दल काय आहे, असं आईने विचारलं, तेव्हा वरची दोन सोडून मी हेच वाचून दाखवलं. तेव्हापासून ती रोज पोस्टमनशी भांडते, माझ्या मुलाची पत्रं कुठे टाकलीस म्हणून. काल तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, एक तरी येऊ द्या हो." मग मीच तुझ्या नावाने एक लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. दोन ओळी ऐकून म्हणाली, "हे त्याचं नाही. इतकं मायेने तो लिहीत नाही." तेव्हा तूच लिही. कोरडं लिहिलंस तरी चालेल, तिला खरं वाटेल.