गोळ्या कमी केल्या

खारघर, मंगळवार

प्रिय हितेश,

फोन लावला की तुझं पहिलं ठरलेलं, "बाय, आमची खोली कशी हाय?" तू दिलेली किडनी म्हणजे जणू गावातली भाड्याची खोली! मला हसू येतं, आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

माझ्या मानेत गाठ आलीय. गणपतीतच हाताला लागली होती, पण विलासला, तुझ्या दाजींनासुद्धा बोलले नाही. ऑपरेशन झाल्यापासून साधी कणकण आली तरी मला वाटतं, गेली हितेशची किडनी. माझ्यापायी तुझी कबड्डी सुटली. जत्रेतल्या सामन्यांना तू आता शिट्टी घेऊन उभा राहतोस आणि पंच होण्यातच खरी मजा आहे म्हणतोस. थापा मारू नकोस मेल्या, मी बहीण आहे तुझी. त्या शिट्टीकडे माझ्याच्यानं बघवत नाही.

गाठ तपासली, कॅन्सर निघाला. डॉक्टर मॅडमनी नीट समजावलं. अंगात बिघडलेल्या पेशी अधूनमधून होतच असतात, आपली प्रतिकारशक्ती त्यांना ओळखून मारत असते. पण तीच प्रतिकारशक्ती तुझ्या किडनीलाही परकी समजते, म्हणून इतकी वर्षं गोळ्या देऊन तिला मुद्दाम कमजोर ठेवलं होतं. किडनी टिकली, आणि कॅन्सरचं फावलं. तुझ्या किडनीनं काही केलेलं नाही, हे आधी डोक्यात घाल. नाहीतर तू उगाच स्वतःला बोल लावत बसशील.

आता पहिला इलाज म्हणजे त्या गोळ्या कमी करायच्या. प्रतिकारशक्ती सावरली तर कॅन्सरशी लढेल, पण किडनीवरही उठेल. किडनी जाऊ शकते, मग पुन्हा डायलिसिस. मॅडम म्हणाल्या, भावाशी एकदा बोलून घ्या. मी नाही बोलले. कालपासून गोळ्या कमी केल्यात. मला जगायचंय रे, माझी मनस्वी अजून दहावीला आहे. तू पोट फाडून दिलेलं जाईल हे कळत असूनही मी माझा जीव धरला. तुला विचारलं असतं तर तू क्षणाचाही विचार न करता हो म्हणाला असतास. ते ऐकायची माझी हिंमत झाली नाही.

तुझीच ताई,
नमिता