पूर्वेकडचं अर्धं छप्पर

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा पत्र्यांची विक्री आणि छपरं उभारणे, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे गेले, कान गेले, पण डोकं शाबूत आहे. शंका असेल तर थोरल्या भावाला विचारावं. त्याच्या मते ते मला गरजेपेक्षा जास्तच आहे. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेलं नाही. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखंही काही नाही.

कलम एक. कोणतीही वाटणी होण्याआधी माझ्या धाकट्या बहिणीच्या बालवाडीचं पूर्वेकडचं अर्धं छप्पर उतरवावं आणि तिथे अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा घालावा. खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून व्हावा. प्रत्येक पत्रा मायक्रोमीटरने मोजावा आणि मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने वाचावा.

याचं कारण लिहिणं भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी ते छप्पर मीच उभारलं. खालच्या लोखंडी पट्ट्यांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या हिशेबाने ठेवलं होतं; त्याहून पातळ पत्रा तेवढ्या अंतरावर वाऱ्यात टिकत नाही. पत्रे आले तेव्हा त्यांच्यावरची चिठ्ठी फाटलेली होती. पत्र्यावर नख वाजवून मी जाडी सांगते, अशी बाजारात माझी ख्याती होती आणि ती मी जिवापाड जपत होते. ऐकू कमी येऊ लागलंय हे तेव्हा घरातही कोणाला कळू दिलं नव्हतं. मी नख वाजवलं आणि म्हटलं, "अर्ध्याचाच आहे, चढवा." आमचा फिटर, ज्याला सगळे लंबू म्हणतात, तो म्हणाला, "ताई, आवाज पातळ येतोय. एकदा मोजू या ना." मी त्याला चारचौघांत झापलं, "काल आलास आणि मला शिकवतोस?" तो काल आलेला नव्हता. सोळा वर्षं माझ्याकडे होता.

आठवड्याने उरलेला एक तुकडा मी एकटीने मोजला. मिलिमीटरचे पस्तीस शतांश भरले, पन्नास हवे होते. तोवर छप्पर पुरं झालं होतं, बहिणीने मुलांकडून रंगीत कागदाच्या माळा लावून घेतल्या होत्या. मी तो तुकडा भंगारात टाकला.

वर्षाच्या आत वादळ झालं आणि पश्चिमेकडचे पत्रे हुकांपाशी फाटून उडाले. सुट्टीचा दिवस होता म्हणून मुलं नव्हती. बहीण मात्र होती. पत्र्याची कड तिच्या उजव्या हातावरून गेली. त्या हाताची तीन बोटं आजही मिटत नाहीत. ती दवाखान्यात होती तेव्हा मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "लंबूने हूक सैल बसवले." पश्चिमेच्या बाजूला मी गाजावाजा न करता जाड पत्रा घातला. पूर्वेकडचा बदलला असता तर लोकांनी विचारलं असतं, धडधाकट पत्रे का उतरवताय? म्हणून ते तसेच ठेवले. रंग मात्र दर वर्षी न चुकता दिला. त्याखाली रोज वीस मुलं बसतात. जोराचा वारा सुटला की मी ताटावरून उठते.

लंबूला त्यानंतर कोणी छपराचं काम दिलं नाही. तो चौकात बसून बादल्यांची बुडं बदलतो.

कलम दोन. राहतं घर आणि दुकान धाकट्या बहिणीला. सगळं कळल्यावर तिला माझं काही नकोसं झालं, तर बालवाडीला.

कलम तीन. पत्रा वाकवायचं मशीन, कात्र्या आणि मायक्रोमीटर भाचीला. बाळे, आपल्या धंद्यात पत्र्याच्या गेजचा नंबर जितका मोठा तितका पत्रा पातळ. गिऱ्हाइकाला हे ठाऊक नसतं. त्याच्या अज्ञानावर पोट भरू नकोस. आणि 'अंदाजे' हा शब्द दुकानात काढायचा नाही.

कलम चार. थोरल्या भावाला दुकानातलं तीन पायांचं स्टूल. "बाईमाणसाने पत्र्याच्या धंद्यात पडू नये," असं तो पन्नास वर्षं म्हणत आला. आता आपलं खरं झालं असं त्याने समजू नये. बाई म्हणून मी चुकले नाही, मला माझा ताठा नडला. तो त्याच्यातही आहे.

कलम पाच. लंबूच्या नावे काही ठेवलेलं नाही. ज्याला काही मिळणार त्याने साक्षीला राहू नये, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीला तोच हवा होता.

स्थळ: दुकानाची माडी. रविवार, दुपारी चार.

सही: (माझी)

साक्षीदार एक: शेजारचे घड्याळवाले. सही केली. चहा ठेवला होता, तो न घेताच गेले.

साक्षीदार दोन: लंबू, फिटर. सही नाही.

त्याने पहिलं कलम दोनदा वाचलं. मी म्हटलं, "माझं चुकलं रे."

"ते राहू द्या," तो म्हणाला. "तुम्ही मरेपर्यंत पोरांनी कुठे बसायचं?"

पेन टेबलावर ठेवून तो जिना उतरून गेला.

दोन साक्षीदारांशिवाय हा कागद चालत नाही. पहिलं कलम मी माझ्या हाताने खोडलं आहे. उद्या सोमवार, बालवाडी आठला भरते. त्याआधी बहिणीच्या दारात उभं राहून ते तिला तोंडाने सांगायचं आहे.