ग्लेन टोरॅकचे अकरा

१२ सप्टेंबर २०२४

या टिपणांतून मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे: १८६९ साली, सोन्याच्या शोधात माणसे ग्लेन टोरॅकच्या खोऱ्यात लोटली तेव्हा इथे मेलेले अकरा जण दरोडेखोर नव्हते, वस्तीने त्यांना दरोडेखोर ठरवले.

चाळीस वर्षे पुण्यात न्यायशास्त्र शिकवून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी असा ताजा विषय हाती यावा, याचा मला आनंद आहे. रीडिंगहून मुलीने, मंजिरीने, मेतकूट आणि सूचना बरोबर देऊन ट्रेनमध्ये बसवले. इन्व्हर्नेसला जावई अंबरीश न्यायला आला होता. तो भूगर्भशास्त्रज्ञ. एका खाण कंपनीसाठी इथल्या खडकात सोने उरले आहे का हे तपासतो. अहवाल दिला की परत जाईल. गाडीत म्हणाला, बाबा, इथे माणसांपेक्षा मेंढ्या जास्त, तुमच्याशी वाद घालायला कोणी मिळणार नाही. मी म्हटले, मेंढी निदान दुसऱ्याचे बोलणे संपू देते. तो बराच वेळ हसत होता.

घर दगडी, दोन खोल्यांचे, नदीच्या वर. हवा निर्मळ. अंबरीशने पिठले केले. उत्तम झाले होते.

१४ सप्टेंबर

गावच्या इतिहास मंडळाच्या अध्यक्षा मिसेस मॅकाय यांनी सभागृहातील पत्र्याची पेटी उघडून दिली. पर्यटकांसाठी बाहेर लावलेल्या फलकावर तोंड बांधलेले पिस्तूलधारी रंगवले आहेत. पेटीतल्या कागदांत पिस्तूल नाही, लूट नाही. अकरा आरोपपत्रे आहेत, अकरा वेगवेगळ्या हस्ताक्षरांत. भाषा संयत. प्रत्येकात एकच आरोप: हा सोने न्यायला आला आहे, राहायला नाही.

फाशीची नोंद कुठेही नाही. चर्चच्या वहीत अकराही नावांपुढे मृत्यूचे कारण एकच दिले आहे, उपासमार आणि थंडी. तीनशे लोकांच्या वस्तीत, दोन बेकऱ्या चालू असताना. हे कसे, असे विचारल्यावर मिसेस मॅकाय म्हणाल्या की हिवाळा फार कडक होता, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

१७ सप्टेंबर

मंडळाने व्याख्यानाचे निमंत्रण दिले. मी एकाऐवजी दोन दिवस मागितले. आपल्या परंपरेत खंडनाआधी पूर्वपक्ष मांडतात: प्रतिपक्षाची बाजू इतक्या प्रामाणिकपणे, की त्याने मान डोलावावी. तेव्हा गुरुवारी मी वस्तीची बाजू मांडीन आणि शुक्रवारी ती मोडीन.

१९ सप्टेंबर

सभागृह भरले होते. पूर्वपक्ष चांगला उतरला. प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचे विधान: जो न्यायला येतो आणि राहत नाही, तो कायद्याच्या संरक्षणाबाहेर आहे. मग हेतू, म्हणजे त्याचे कारण, मग उदाहरण. उदाहरण दोन्ही पक्षांना मान्य असावे लागते. दीडशे वर्षांपूर्वीचा माणूस कोणी पाहिलेला नाही, म्हणून मी सर्वांच्या ओळखीचा घेतला: जसे माझे जावई अंबरीश. तो पहिल्या रांगेत बसून हसत होता. लोक हसले नाहीत. त्यांनी माना डोलावल्या.

दप्तरासाठी भाषणाची प्रत हवी म्हणून मिसेस मॅकाय यांनी सही मागितली. मी केली, तारखेसह.

परतताना अंबरीश म्हणाला, बाबा, उद्या मला निर्दोष सोडवा, नाहीतर मंजिरीकडे अपील करीन.

२० सप्टेंबर

सकाळी दुकानात अंबरीशने दूध आणि ब्रेड काउंटरवर ठेवले. दुकानदारबाईंनी ते उचलून पुन्हा फळीवर ठेवले आणि मला विचारले, काय देऊ. तो म्हणाला, अहो, मी इथे उभा आहे. बाईंनी खिडकीकडे पाहून म्हटले, वारा सुटलाय.

सायंकाळी सभागृहाला कुलूप. मिसेस मॅकाय यांच्याकडे गेलो. त्यांनी सौजन्याने सांगितले की विषय ऐकून झाला आहे; दुसऱ्या दिवसाची तरतूद मंडळाच्या वहीत नाही. मग ती वही दाखवली. पहिल्या पानावर नियम आहे. कायद्याबाहेर टाकलेल्याला कोणी हात लावू नये. सही झाल्या क्षणापासून त्याला कोणी पाहू नये. सही अशाची असावी, जो त्याच्या घरचे अन्न खातो आणि ज्याच्या मनात त्याच्याविषयी राग नाही.

अकरा हस्ताक्षरांचा अर्थ आता लागतो. भाऊ, मुलगे, भागीदार. मी सही मागे घेतो म्हणालो. त्या म्हणाल्या, प्रोफेसर, तुम्ही इतके सुंदर मांडलेत.

२१ सप्टेंबर

अंबरीशची गाडी गॅरेजवाल्याने ओढून नेली. बेवारस होती, असे मला सांगितले. अंबरीश त्याच्यासमोर ओरडत होता. गॅरेजवाला शीळ घालत होता.

पोलिसांना फोन केला. दुकानात दूध दिले नाही आणि गाडी हलवली, ही तक्रार त्यांना सोमवारपर्यंत थांबण्यासारखी वाटली. कंपनीचे ऑफिसही सोमवारीच उघडेल. मंजिरीने सांगितले, बाबा, त्याला घेऊन निघा, पायी निघा.

मला दुकानात सगळे मिळते. मी दोघांपुरते आणले. दुपारी खिचडी केली, एक ताट वाढले, जेवायला बसलो. कोणीतरी म्हणाले, बाबा, आणि मी?

तो समोरच होता. ही लिहिण्यासारखी गोष्ट नाही. तरी लिहितो.

२२ सप्टेंबर, सकाळ

निघालो. पूल बंद, दुरुस्तीची पाटी काल नव्हती. म्हणून उतारावरून नदी ओलांडायची. काठावर पंधरा-वीस माणसे, गुडघाभर पाण्यात, तवे फिरवत सोने चाळणारी. रविवारचा छंद. पाणी वाढलेले. अंबरीश पुढे गेला, मला म्हणाला, तुम्ही थांबा, मी दोर बांधतो—

दगड सुटला.

त्याने हाक मारली. त्यांच्यापासून चार हातांवर. एकाने तवा किंचित बाजूला घेतला, धक्का लागू नये म्हणून. मी ओरडलो. मिसेस मॅकाय वळल्या, काळजीने विचारले, प्रोफेसर, कोणाला बोलावताय?

मी बोट दाखवले. पाण्यात—

हाक ऐकू येत होती. बाबा, हात द्या. अगदी जवळून. मी पाहत होतो, आणि पाण्यात कोणी नव्हते. हात कुठे द्यायचा ते कळेना—

मग हाकही—

२२ सप्टेंबर, दुपार

घरी आणून सोडले. चहा केला. फार चांगली माणसे.

फोन वाजतो आहे. मंजिरी. ती कोणाबद्दल तरी विचारते आहे, रडते आहे. नाव सांगते. मी ते मागच्या पानांवर पाहून ताडून घेतले. अक्षर माझे आहे.

प्रतिज्ञा सिद्ध झाली: ते अकरा दरोडेखोर नव्हते. या सिद्धतेत झालेली एक चूक मान्य करतो. उदाहरण दोन्ही पक्षांना मान्य असावे लागते. मी दिलेले त्यांना मान्य झाले, आणि सही केल्यापासून मलाही ते—

श्रीनिवास धुपकर