चार दिवसांची केबिन

ता. ४ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. साष्टांग बसल्या जागेवरूनच घे, कारण मी चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून हे लिहिते आहे आणि कोणत्याही क्षणी गिऱ्हाईक येईल. फोन का नाही केला म्हणशील. घरात मोबाईलवर कुजबुजायला लागले की आई टीव्हीचा आवाज बंद करते. म्हणून पत्र. तुझंही उत्तर दुकानाच्या पत्त्यावर येऊ दे.

बातमी वाईट आहे. आपलं जहाज रद्द झालं. ज्येष्ठांची सवलत मिळावी म्हणून तू बुकिंग आईच्या नावावर केलंस, त्यामुळे कंपनीचं पत्रही तिच्याच नावाने आलं. नशीब, ती आंघोळीला गेली असताना टेबलावर माझ्या हाती लागलं. वाटेत भिजून वाळलं असावं, पाकीट पुठ्ठ्यासारखं कडक झालं होतं. आत चार ओळी. अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव २१ तारखेची सफर रद्द करण्यात येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुढे काय, कधी, कसं, एक अक्षर नाही. सरळ तोंडाला पानं पुसली.

आईला मी सांगितलेलं नाही. कसं सांगू? हृदयाची झडप बदलायची म्हटल्यावर तिने डॉक्टरांच्या तोंडावर काय सांगितलं, ते तू ऐकलंच आहेस. आधी जहाज, मग ऑपरेशन. चारच दिवस, तेही किनाऱ्याकिनाऱ्याने, जहाजावर डॉक्टर असतो, म्हणून त्यांनीही मान डोलावली. पण मे उजाडायच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे, हेही बजावलं. आता जहाजच नाही म्हटलं तर ती ऑपरेशनच्या टेबलावर चढायची नाही. तिचा हट्ट तुला मी नव्याने सांगायला नको.

आणि हट्ट तरी कशाचा? एकतीस वर्षं बंदरावरच्या लॉन्ड्रीत तिने जहाजांच्या चादरी धुतल्या, खळ दिली, इस्त्री केली, कोपऱ्यात लाल दोऱ्याने आकडा घातला. जहाजावर पाऊल मात्र एकदाही ठेवलं नाही. माझ्या चादरी कुठे निजतात ते मला बघायचंय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बॅग पंधरा दिवसांपासून दाराशी भरून ठेवलीय. रोज उघडते, सगळ्या घड्या मोडते आणि कोपऱ्याला कोपरा लावून पुन्हा घालते. रोज सकाळी मला ती बॅग ओलांडून कामाला जावं लागतं.

काहीतरी कर. तू मोठा आहेस आणि तुझा आवाज त्याहून मोठा आहे. लोभ आहेच, तो वाढवण्याआधी त्यांना फोन लाव.

तुझी,
चिमणी


ता. ९ मार्च

चि. चिमणीस,

अनेक आशीर्वाद आणि त्याहून जास्त शिव्या. शिव्या तुला नाहीत, कंपनीला.

तीन दिवस मी फोनला चिकटून होतो. एक बाई गोड आवाजात सांगते की माझा फोन त्यांना फार मोलाचा आहे, आणि मग तेच ते संगीत लावून निघून जाते. काल लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो तरी मी तीच चाल गुणगुणत होतो. माझ्या जोडीदाराने पाना फेकून मारायचा तेवढा बाकी ठेवला. वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात तसं, दुपारी मी त्याच्यावरच खेकसलो.

चौथ्या दिवशी जिवंत माणूस लागला. त्याला म्हटलं, बावीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. दोन मजल्यांच्या मध्ये कुणी अडकलं की मी आधी दाराच्या फटीतून त्याच्याशी बोलतो. वीस मिनिटं लागणार असतील तर वीसच सांगतो. पाच सांगितली आणि सहावं लागलं, की आतला माणूस दार लाथाडायला लागतो. अडकलेल्याला वेळ लागल्याचा राग येत नाही, खोटं ऐकल्याचा येतो. त्यावर तो साहेब म्हणाला, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे.

पण भांडून एक मिळवलं. २ एप्रिल, दुसरं जहाज, तेच चार दिवस, तीन बिछान्यांची तीच केबिन. मेच्या आत बसतं. आईला एवढंच सांग की कंपनीने आपल्याला मोठं जहाज दिलं, म्हणून तारीख पुढे गेली. खोटं नाही, अर्धं खरं आहे. मी नवी रजा टाकली आहे. या खेपेला आकाश कोसळलं तरी येतो.

तिला जपायला तू आहेस म्हणून मी इथे निवांत आहे, असं लिहिणार होतो. निवांत नाही, पण तू आहेस हे खरं.

तुझा,
दादा


ता. १४ मार्च

ती. दादास,

नमस्कार, या वेळी जरा वाकून, कारण तारीख मिळवलीस.

अर्धं खरं आईला सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली. जहाज केवढं, कोणतं, मजले किती, काही विचारलं नाही. आपल्या आईने! खालच्या मजल्यावरच्या बाईंना महिनाभर जहाजाच्या भोंग्याचा आवाज काढून दाखवणाऱ्या आईने! मला ते लक्षण ठीक वाटलं नाही. तरी बॅगेतल्या घड्या मोडणं चालूच आहे, म्हणून म्हटलं असेल, दमली असेल.

दमते मात्र खूप. दोन मजले चढताना तीनदा थांबते, आणि थांबल्यावर कठड्याची धूळ पुसत असल्याचं नाटक करते. सध्या सगळ्या इमारतीत आपला कठडा चकचकीत आहे. दवाखान्यातून दोनदा फोन आला की तारीख कधीची घालायची. मी गुळमुळीत उत्तरं देते. माझंही डोकं ठिकाणावर नाही, परवा एका गिऱ्हाइकाच्या डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. तो बिचारा दारात धडपडला तेव्हा कळलं.

आणि तुझं ते आकाश कोसळलं तरी येतो मी जपून ठेवलंय. मागल्या वर्षी तिच्या पंच्याहत्तरीला इस्पितळाची लिफ्ट बंद पडली. त्याआधी तिला पहिल्यांदा चक्कर आली तेव्हा कुठल्याशा गोदामाची. त्याआधीचं कारण मी विसरले, आई विसरलेली नाही. अचानक काम निघालं, यायचं रद्द, रागावू नका. तुझी तिन्ही पत्रं तिच्या कपाटात आहेत. चिडू नकोस दादा, पण मला कधीकधी वाटतं कंपनी तुझ्याच हाताखाली शिकली.

थट्टा केली. पण तू ये. जिन्यात तिच्या मागून चढताना मला फार भीती वाटते.

तुझी,
चिमणी


ता. १८ मार्च

चि. चिमणीस,

आशीर्वाद. हे पत्र आईच्या दृष्टीस पडू देऊ नकोस.

दुसरंही रद्द झालं. काल मी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून त्यांच्या इथल्या कचेरीतच गेलो. माझ्यासारखे तीसचाळीस जण आधीच उभे होते. एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको समुद्रात घालायच्या टोप्यांसकट आले होते. एका बाईंनी या सफरीसाठी मुलीचा साखरपुडा पुढे ढकलला होता. सगळे एकदम बोलत होते आणि काचेपलीकडे एकच पोरगी, तिच्या हातात छापील कागद. माझा नंबर आला तेव्हा मी इतक्या जोराने ओरडलो की मास्तरांनी माझा दंड धरला. ती पोरगी रडायला लागली. म्हणाली, मला पण सकाळीच कळलं. मग मला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या हातात काय होतं? तीही दोन मजल्यांमध्ये अडकलेलीच.

आता ते ऑक्टोबरची तारीख देतात. ऑक्टोबरपर्यंत थांबता येत नाही, हे त्यांना कळत नाही आणि आईला कोण समजावणार, ते मला कळत नाही. कंपनीचं पत्र घरी येईल, ते तूच पकड. तिला काही दिवस खेळवत ठेव, तोवर मी विचार करतो. एखादी साधी होडी ठरवून तिला तासभर फिरवून आणलं तर? चालेल का ते?

आणि हो, जायचंच नाही तर रजा वाया कशाला घालवायची, म्हणून मी ती मागे घेतली. ऑपरेशन ठरलं की त्या दिवशी सकाळी पोचतोच. कसंही करून पोचतो. माझ्यावर रागावू नका.

तुझा,
दादा


ता. २२ मार्च

दादा,

मायना घालायच्या मनःस्थितीत मी नाही. आधी हे वाच, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायचा नाही: आई घरी आहे आणि बरी आहे.

काल २१ तारीख. दुपारी मी जेवायला घरी आले तर दाराला कुलूप. बॅग नाही. खालच्या बाई म्हणाल्या, आई सकाळीच नीटनेटकं आवरून बाहेर पडली, जिना उतरताना बॅग त्यांच्याकडून धरून घेतली आणि फिरायला जाते म्हणाली. मी दवाखाना पालथा घातला, बाजार पालथा घातला, बस थांब्यावर उभी राहून अनोळखी म्हाताऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. चार वाजता लॉन्ड्रीची गाडी आपल्या दारात थांबली आणि पुढच्या सीटवरून आई उतरली. मी रस्त्यातच तिच्यावर ओरडले आणि मग तिच्या गळ्यात पडून रडले. ती म्हणाली, चादरीवर रड, साडीवर डाग पडेल.

चहा झाल्यावर तिने तुला पत्र लिहिलं. मला वाचू दिलं नाही. पाकीट तिने स्वतः चिकटवलं, डिंकाने नव्हे, खळीने. ते वाळलं आणि पुठ्ठ्यासारखं कडक झालं, तेव्हा माझी ट्यूब पेटली. तुझीही पेटेल.

चिमणी


ता. २१ मार्च

चि. बाळास,

आईचा आशीर्वाद. तब्येत कशी विचारायच्या आधी सांगते, आज जिना एकदाच थांबून चढले.

कंपनीची दोन्ही पत्रं मी तुमच्या आधी वाचली. माझ्या नावाची होती, त्यात चोरी कसली? किटलीच्या वाफेवर पाकीट सुटतं आणि खळीचं बोट फिरवलं की मिटतं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे तुम्ही दोघं इतके दिवस वागलात. मोठं जहाज मिळालं म्हणे! मला हसू आवरायला स्वयंपाकघरात जावं लागलं.

मी गप्प का बसले, तेही सांगते. मला भीती वाटत होती. जहाज पुढे असेपर्यंत ऑपरेशन त्याच्याही पुढे होतं. पहिलं पत्र वाचलं तेव्हा वाईट वाटायच्या आधी मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे चिमणीला सांगू नकोस, ती जिन्यात माझ्या मागून हात पसरून चढते.

आज ठरल्या दिवशी मी बंदरावर गेले. लॉन्ड्रीचा गाडीवाला माझ्या वेळचाच, आता त्याचेही केस पिकले. म्हणाला, जहाज यंत्र बिघडून धक्क्यालाच पडलंय, पण चादरी बदलायच्या थांबत नाहीत, मावशी, चला. त्याने दारावरच्या माणसाला काय सांगितलं कोण जाणे. मला सामानाच्या लिफ्टमधून वर नेलं. दुसऱ्या मजल्यावर ती गचका देते. तू असतास तर लगेच गुडघ्यावर बसला असतास.

केबिन आपल्या न्हाणीघराहून थोडी मोठी. गोल खिडकीतून धक्क्याची भिंत दिसत होती. माझी एकही चादर सापडली नाही. मी काम सोडून आठ वर्षं झाली, सगळ्या झिजून फडकी झाली असणार. वर डेकवर एक माणूस पांढऱ्या फडक्याने कठडा पुसत होता. त्या फडक्याच्या कोपऱ्यात लाल दोरा आहे का, ते मी जवळ जाऊन बघितलं नाही. त्या केबिनमध्ये तीन उघडे बिछाने होते. मी तिन्हीवर चादरी घातल्या, कोपरे नीट खोचले, आणि मधल्यावर बसून राहिले. गाडीवाल्याने दोनदा हाक मारली.

तिथे बसल्यावर कळलं की मला चादरी बघायच्याच नव्हत्या. निदान नुसत्या चादरी नाही. चार दिवस दार लावून तुम्ही दोघं माझ्या दोन बाजूंना, एवढंच हवं होतं. भर समुद्रात कुणाची लिफ्ट बंद पडत नाही. ऑपरेशननंतर मी डोळे उघडेन असं डॉक्टर म्हणतात. मीही तसंच धरून चालले आहे. पण नाहीच उघडले तर ते चार दिवस माझे झालेले असावेत.

येताना दवाखान्यात उतरून मी ११ एप्रिल नक्की केली. तू रजा मागे घेतलीस, हे चिमणीच्या पर्समधलं तुझं पत्र वाचून कळलं. तेवढं एक मी खरंच चोरून वाचलं. रागावू नका, असं लिहिलंयस. कंपनीही हेच लिहिते, फक्त जरा शुद्ध भाषेत.

तर ऐक. ११ ला सकाळी पोचू नकोस. ७ ला ये. बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी तीन गाद्या घातल्या आहेत, चादरींना आजच खळ दिली. त्यांनी दोनदा रद्द केलं, मी एका शब्दाने कुणाला बोलले नाही. तू करू नकोस.

या पत्राला उत्तर पाठवू नकोस. ये.

आई