पिकअपचं डावं दार

४ फेब्रुवारी, रविवार
घेतली! पिकअप घेतली एकदाची. सेकंडहँड म्हणायचं म्हणून, खरं तर चौथ्या हातची आहे, पण इंजिन खणखणीत. गाडीचा मालक फर्निचरवाला, त्याने ऐनवेळी किंमत वाढवली. मी शांत राहिलो. फक्त त्याची कॉलर नीट केली. तो खुर्चीसकट मागे उलटला. खुर्ची त्याच्याच दुकानातली, त्याला मी काय करणार? किंमत लगेच उतरली.

गोदामातली नोकरी सुटली तीही खुर्चीवरूनच. मॅनेजरला बसायला खुर्ची दिली होती. जरा लांबून दिली.

आता स्वतःचा धंदा. डोक्यावर साहेब नाही, म्हणजे डोक्यात राग नाही. माझा राग मुळात माझा नव्हताच, मॅनेजरचा होता. मी फक्त घरी घेऊन यायचो.

ही सध्या माहेरी आहे. विश्रांतीसाठी. हिच्यावर मी कधी हात उचललेला नाही, देवाशपथ. ताट उचललं होतं, ते भिंतीला लागलं. मिक्सर उचलला होता, तोही भिंतीलाच. त्यावर बॅग भरून निघून जाण्यासारखं काय होतं? असो. गाडी झकास करायची आणि हिला शेजारी बसवून घरी आणायची. बघतच राहील!

डावं दार जरा घट्ट आहे. तेल सोडलं की झालं.

५ फेब्रुवारी
तेल सोडलं. उघडलं नाही. समजावलं. उघडलं नाही. मग लाथ घातली, तेव्हा उघडलं. आता बंद होत नाही. अंगठ्याचं नख काळं पडलंय.

आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, वड्याचं तेल वांग्यावर काढू नकोस. मी म्हटलं, हे दार आहे, वांगं नाही. तर म्हणते, अगदी बापावर गेलास.

९ फेब्रुवारी
संकल्प: आजपासून राग बंद. पूर्ण बंद. भिंतीवर खडूने लिहिलं.

दुपारी पोचे काढणाऱ्या डेंटरकडे गाडी नेली. लाकडी हातोडी घेऊन तो तासभर सुतारपक्ष्यासारखा टुकटुक करत बसला. दारावरचा माझ्या लाथेचा पोचा आहे तिथेच. शेवटी मी त्याची लोखंडी हातोडी उचलली आणि तीन घाव घातले. पोचा गेला. म्हणजे दुसऱ्या बाजूला गेला. डेंटर ओरडला की पत्रा मारला की पसरतो, आता हे दार जन्मात बसायचं नाही. इथवर मी ऐकून घेतलं. मग त्याने माझा बाप काढला. माझा बाप काढायचा हक्क फक्त आईचा आहे.

मी एक ठेवून दिली. त्याने दोन. मी पाना उचलला, त्याने जॅक उचलला. आम्ही दोघं रंगाच्या डब्यांवर पडलो आणि तिथे तो मला दंडाला चावला. चावला! मोठा माणूस, मिशीवाला! मी त्याचं डोकं बंपरवर आपटलं. बंपर माझाच होता, त्यालाही पोचा आला.

एकूण मी जिंकलो असं धरायला हरकत नाही. दवाखान्यात आधी मीच पोचलो.

१३ फेब्रुवारी
हिचा फोन! आपण होऊन केला. दंड कसा आहे विचारलं. म्हणजे आई सगळं कळवते. घरातच हेर.

म्हणाली, पंचवीसला न्यायला या, मी येते. पण आवाज चढला किंवा हात चालला, तर तिथूनच परत फिरायचं, पुन्हा बोलावणं नाही. मी विचारलं, माझा आवाज कधी चढतो? हे जरा मोठ्याने गेलं, रेंज नव्हती. मग म्हणाली, पंचवीसला बघू.

बघू काय, येणारच! फार आठवण येते तिची. हे कोणाला सांगायचं नाही.

१७ फेब्रुवारी
आठवडा कामात. स्वतः रंग मारला. चाकांवरचे पाटे बदलले, ऑइलची गळती थांबवली, मागच्या हौद्यातला गंज घासून काढला. सीटवर हिच्यासाठी हिरवी उशी आणली. हिरवा हिचा आवडता. मला सगळं लक्षात असतं, पण श्रेय कोण देतो?

राहिलं फक्त दार. आतून पॅनेल खोललं, तर स्प्रिंग उडून भुवईवर बसली. रक्त. मग मात्र मी त्या दाराला सोडलं नाही. हातोडी, पहार, शेवटी बुक्क्या. शेजारी खिडक्या लावून घेत होते. दमून थांबलो तेव्हा आतली कडी तुटून हातात आली होती, पण दार मस्त बसलं. बाहेरून कडीखाली एक बुक्की आणि वर गुडघा मारला की उघडतं. आतून उघडत नाही. बिघडलं कुठे? उलट चोरांची भीती नाही. युक्ती फक्त मला माहीत.

१८ फेब्रुवारी
ट्रायल घेतली. आईला शेजारी बसवलं. चौकात एका टेम्पोवाल्याने कट मारला. संकल्प आठवला, म्हणून नुसता समजावायला उतरलो. त्याने खाली उतरायच्या आतच मला थुंकून दाखवलं. मग काय, त्याला खिडकीतूनच ओढला. त्याच्या क्लीनरने मागून माझ्या पाठीत फळी घातली. मी फळी हिसकावली आणि त्यांचे दोन्ही दिवे फोडले. लोकांनी सोडवलं म्हणून, नाहीतर आज एकजण तरी गेला असता. बहुतेक मी.

या गडबडीत आई गाडीत अडकली. दार आतून उघडेना. काच ठोकत होती म्हणे, मला कसं ऐकू येणार? शेवटी या वयात गिअरवरून चढून माझ्या दाराने उतरली. गुडघा सोलला.

रात्री जेवली नाही. एवढंच म्हणाली, त्या पोरीला यात बसवू नकोस. आईला गाड्यांतलं काय कळतं!

२४ फेब्रुवारी
गाडी धुतली. नवरीसारखी दिसतेय.

उद्या हळू आवाजात काय बोलायचं याचा आरशासमोर सराव केला. 'चल घरी' हे तिसऱ्यांदा फारच छान जमलं. चौथ्यांदा समोरचा माणूस हसल्यासारखा वाटला. नवा आरसा आणावा लागेल.

२५ फेब्रुवारी, सकाळ
निघालो. डोकं बर्फ. आज जिंकणार.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ
जे झालं ते लिहून ठेवतो, म्हणजे चूक कोणाची ते कळेल.

मेहुणा फाटकात हाताची घडी घालून उभा. दंड माझ्या मांडीएवढे. तरी मी नमस्कार केला. ही बॅग घेऊन आली. थोडी वाळली आहे. मी दार उघडलं, बुक्की आणि गुडघा. आवाजाने ही दोन पावलं मागे सरकली. मग आत उशी दिसली. हसली! मी पाहिलं, हसली. बॅग मला दिली आणि एक पाय वर ठेवला.

मग आत हात घालून कडी चाचपली. कडी कुठे आहे, म्हणाली. मी सांगितलं, आतून नाही उघडत, मी बाहेरून उघडतो ना. तिने विचारलं, आणि तुम्ही चिडलेले असाल तेव्हा?

मी म्हटलं, तेव्हाही मीच उघडीन. इतक्या हळू आवाजात आयुष्यात बोललो नव्हतो. एवढा सराव!

तिने पाय खाली घेतला. माझ्या हातातली बॅग काढून घेतली आणि आत गेली.

मी ओरडलो नाही. बॉनेटवर फक्त हात ठेवला. नवा रंग आहे, म्हणून तेवढी जागा खोलगट दिसतेय. मेहुण्याने माझी मान धरून मला स्टिअरिंगसमोर बसवलं. ओठ फुटला. मी उलट हात चालवला नाही. म्हणजे चालवला, पण लागला नाही. निघताना तो म्हणाला, गाडी घेतलीच आहे तर तिचं कपाट आणि शिलाई मशीन उद्या आणून टाका.

२६ फेब्रुवारी
कपाट आणि मशीन चढवून दोराने बांधलं. आईने हात लावला आणि डोळे पुसले. गाडीने एकदाही दगा दिला नाही. चढावरसुद्धा नाही. काम चोख केलंय मी.

मेहुणा फाटकात भेटला. म्हणाला, भाडं आधी ठरवून घेऊ. स्वतःच्या बायकोचं सामान तिच्या माहेरी पोचवायचं भाडं! कानशिलं तापली. पण गाडीच्या मागच्या बाजूला गेलो. ही त्याच्या शेजारी येऊन उभी होती, मशीन नीट आलंय का बघायला. मी हात वर केला. ती झटकन भावाच्या पाठीमागे गेली.

मी नुसता दोर सोडत होतो.