माउंटखालचा जावई

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर, धंदा फोटोंना फ्रेम करण्याचा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डॉक्टरांनी आज सकाळी मला तपासून माझे डोके ठिकाणावर असल्याचे लिहून दिले आहे. माझ्या धाकट्या दिरांना त्याबद्दल शंका आहे, पण ती त्यांना माझ्या लग्नापासूनच आहे.

१. माझे कोण कोण आहे ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच होणार. यजमान वारले. मला एक मुलगी. ती दुसऱ्या शहरात तिच्या दुसऱ्या नवऱ्यासोबत राहते आणि पहिल्या लग्नाची मुलगी, म्हणजे माझी नात, तिच्याजवळ असते. मुलीचे पहिले यजमान, माझे जावई, माझ्याजवळ राहतात. काडीमोड त्या दोघांचा झाला, आमचा नाही.

२. खाली दुकान आणि वर तीन खोल्या, हे सर्व माझ्या कमाईतून घेतलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझ्यामागे ते जावई व त्यांची आताची बायको यांनी तहहयात वापरावे. त्यांना कोणीही बाहेर काढू नये. त्या दोघांच्या पश्चात ते माझी नात आणि त्या बायकोचा मुलगा यांना निम्मे निम्मे मिळावे. काच कापायची हिरकणी, करवत आणि मोठे टेबल जावयांचेच.

कायद्याला कारण लागत नाही, पण मुलीला लागेल म्हणून लिहिते. काडीमोडाचा निकाल लागला त्या संध्याकाळी जावई बॅग भरून जिन्यात उभे होते. मी विचारले, "कुठे निघालात?"

"आता माझा इथे काय हक्क, आई?"

"हक्काचं मागाहून बघू. ही मोठी काच एकटीला उचलत नाही. आधी ती धरा."

त्यांनी बॅग खाली ठेवली आणि काच धरली. ती बॅग अजून माळ्यावर आहे, तीत आता जुन्या चादरी आहेत. पुढे माझे हात थरथरू लागले तेव्हा हिरकणी त्यांनी घेतली. पाय मोडून मी अंथरुणात होते तेव्हा माझे बेडपॅनही त्यांनीच उचलले, आणि तोंड वाकडे केले नाही. मला फार लाज वाटली होती. ते म्हणाले, "आई, तुम्ही भिंतीकडे बघा, मी खिडकीकडे बघतो."

३. त्याच पायासाठी येणारी नर्स ही त्यांची आताची बायको. लग्न मीच जमवले. गिऱ्हाइके विचारतात, "ही तुमची सून का?" मी हो म्हणून मोकळी होते. ही माझ्या जावयाची बायको, पण माझी मुलगी नव्हे, हे प्रत्येकाला कोण समजावत बसणार! तिचा मुलगा मला आजी म्हणतो आणि माझा चष्मा लपवतो. तो चष्मा त्यालाच द्यावा, म्हणजे खोड मोडेल.

४. दिरांना काहीही नाही. जावयांना चारचौघांत "फुकटचा भाडेकरू" म्हणाले ते मी विसरलेले नाही. स्वतःच्या सत्काराचा फोटो त्यांनी फ्रेमला टाकला होता, तो अजून दुकानात धूळ खात पडला आहे. तेवढा घेऊन जावा.

५. पहिल्या साक्षीदार समाजशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत. बदलत्या कुटुंबांवर पुस्तक लिहायचे म्हणून त्या वर्षभर माझ्या दुकानात स्टुलावर बसत. पूर्वी माझ्याकडे तीन रांगांचे फोटो यायचे, आजोबा मधोमध खुर्चीत. आता दोघे-तिघेच असतात, कधी एक आई आणि तिचे लेकरू, कधी दोन मैत्रिणी आणि त्यांनी वाढवलेली पोर. बाईंनी विचारले, "तुमच्या मते कुटुंब म्हणजे कोण?" मी म्हटले, "फोटोवाला जवळ सरका म्हणतो तेव्हा जे सरकतात ते." त्यांनी लिहून घेतले. मी आपली खिळे ठोकत राहिले.

६. बँकेतली सर्व ठेव आणि माझ्या बांगड्या मुलीला. बाळा, तू फोनवर विचारले होतेस, "तुला मी हवी की ते?" मी दोघेही म्हटले आणि तू फोन ठेवून दिलास. तेच उत्तर इथे सहीनिशी देते. तू मला हवीच होतीस. अगं, रोज हवी होतीस.

७. राहिला माझ्या खोलीतला मोठा फोटो. रागाच्या भरात लोक फोटो घेऊन येतात, म्हणतात, "यातून याला काढा." मी कधीच कापत नाही. फोटोभोवतीचा जाड पुठ्ठा, म्हणजे माउंट, थोडा आत घेते आणि माणूस त्याखाली झाकते. राग उतरला की लोक परत येतात, सगळेच नाही.

बाळा, तूही आमचा हा फोटो भिंतीवरून उतरवून माझ्यापुढे ठेवला होतास. मी जावयांना झाकले. पण नात तेव्हा त्यांच्या कडेवर होती. तिला ठेवायची तर त्यांचा हात ठेवावा लागला, म्हणून तो तिच्या पाठीवर अजून दिसतो. ती सुट्टीत आली की त्या हातावर बोट ठेवते. मला ते बघवत नाही.

हा फोटो मुलीला द्यावा. कोणी पार्सलने पाठवू नये, तिने स्वतः येऊन भिंतीवरून उतरवावा. मागचे खिळे मी सैल करून ठेवले आहेत. माउंट काढायचा की नाही हे तिचे तिने ठरवावे, माझी अट नाही. फक्त काच मोठी आहे, बाळा. एकटीने उचलू नकोस. जिन्यातून त्यांना हाक मार, ते खालीच असतील.

हे सर्व मी वाचून पाहिले, माझ्या मनासारखे आहे. जावयांना यातले काही ठाऊक नाही, ते खाली काच कापत आहेत.

सही: फ्रेमवाल्या बाई

आमच्यादेखत सही केली:
साक्षीदार १: समाजशास्त्राच्या प्राध्यापिका
साक्षीदार २: तपासणी करणारे डॉक्टर

स्थळ: दुकानावरची खोली, फोटोसमोर
दिनांक: ९ ऑक्टोबर