शेवटचं पान मुलांचं

मी, खाली सही करणारी, वयाने थकलेली पण डोक्याने शाबूत, या घराची मालकीण आणि घराच्या पुढच्या खोलीत चालणाऱ्या बालवर्गाची बाई, असे लिहून ठेवते की माझ्या पश्चात माझ्या मिळकतीची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी. मला कोणी धाक दाखवलेला नाही. गोड बोलून गुंडाळायचा प्रयत्न झाला, त्याचा उल्लेख दुसऱ्या कलमात येईल. मुलाने औषधाची गोळी हातावर ठेवता ठेवता "हो म्हण ना गं आई" करून माझ्याकडून जे वदवून घेतले, ते सर्व रद्द समजावे. त्या वेळी माझ्या तोंडात पाणी होते आणि मी फक्त मान हलवली होती.

कलम एक. वरच्या मजल्यावरच्या खोल्या, बँकेतली शिल्लक आणि माझ्या दिवंगत पतीचे सुतारकामाचे सर्व सामान माझ्या एकुलत्या एका मुलास मिळावे. करवत, रंधा, पटाशी यांपैकी काहीही भंगारात जाता कामा नये. पुढच्या खोलीतलं पुस्तकांचं बुटकं कपाट यांनी केलं, रांगणाऱ्या पोरालाही आपलं पुस्तक आपल्या हाताने घेता यावं म्हणून. ते डुगडुगायला लागलं तर मुलानेच दुरुस्त करायचं. अरे, तुला येतं ते. बापाशेजारी बसून शिकला आहेस. ऑफिसात लागल्यापासून विसरल्याचं सोंग करतोस, ते माझ्यापुढे चालायचं नाही.

कलम दोन. पुढची खोली, तिचं रस्त्यावर उघडणारं दार आणि आतलं सर्व सामान.

खरं भांडण याच खोलीचं आहे, म्हणून सविस्तर लिहिते. पलीकडच्या रस्त्यावर मोठी शाळा आहे. तिच्या मुख्याध्यापिकाबाईंना ही खोली हवी आहे, लहान वर्गाची शाखा काढायला. एकदा त्या येऊन बसल्या. मी गोष्ट सांगत होते, पोरं लांडगा होऊन सतरंजीवर लोळत होती. बाई घड्याळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गोष्टी ठीक आहेत हो, पण तुम्ही शिकवता कधी?"

मी म्हटलं, "आत्ता काय चाललं होतं मग?"

त्यांनी नाक मुरडलं आणि जाऊन माझ्या मुलाला गाठलं. आता सगळं ठरल्यात जमा आहे म्हणे. बाकं येणार, भिंतीला फळा लागणार आणि ज्यांना अजून नाक पुसता येत नाही त्यांनी रेघी वहीत अक्षरं गिरवायची. मुलगा म्हणतो, "आई, तुझ्यानंतर तिथे कोण बसणार आहे? आणि नुसत्या गोष्टी ऐकून पोरं पहिलीत कशी जाणार?"

जातात रे बाबा. माझ्याकडची सगळी गेली. पुढे काय झालं हे कळायची ज्याला घाई असते, तो वाचायला आपणहून शिकतो. त्याचा कान धरावा लागत नाही.

या खोलीत हत्तीच्या पिल्लाचं एक पुस्तक आहे. पिल्लू वाट चुकतं, नदी ओलांडतं, अंधारात एका बंद दारापाशी येतं आणि सोंडेने टकटक करतं. इथे पुस्तक संपतं, कारण शेवटचं पान एका पोरीने फार पूर्वी चावून खाल्लं. तेव्हापासून माझी पद्धत ठरली. टकटक वाजवायची, पुस्तक मांडीवर पालथं ठेवायचं आणि विचारायचं, "मग काय झालं?" त्यानंतर बाईने तोंड उघडायचं नाही. शांतता कितीही लांबली तरी नाही. हे फार अवघड आहे, शिकवणाऱ्यांना तर फारच.

एक मुलगा वर्गात एक अक्षर बोलत नसे. आईबापांना वाटे मुका आहे, मोठ्या शाळेने तर त्याला घ्यायलाच नकार दिला होता. एकदा टकटक झाली आणि हा कोपऱ्यातून म्हणाला, "आत कोणी नाहीये. आई कामाला गेलीये." मी गप्प राहिले. शेजारची मुलगी म्हणाली, "मग पिल्लूने आमच्याकडे यावं." त्या दिवसापासून त्याच्या तोंडाचा पट्टा जो सुरू झाला तो आजतागायत थांबलेला नाही. या मृत्युपत्रासाठी माझ्या शुद्धीचा दाखला देणारे डॉक्टर म्हणजे हाच मुलगा. मला गप्प बसा म्हणून सांगतात आणि स्वतः बोलत सुटतात.

आता सुनेविषयी. आमचं दोघींचं कधी फारसं जमलं नाही, हे गल्लीला ठाऊक आहे. मला तिचं टापटिपीचं वेड सोसत नाही, तिला माझा पसारा. लग्न होऊन आली त्या वर्षी तिला फाटकं पुस्तक बघवलं नाही. कुठून कुठून शोधून तिने त्याची कोरी प्रत आणली, शेवटच्या पानासकट, आणि कौतुकाने वर्गात वाचून दाखवली. दार हत्तीण उघडते, पिल्लाला कुशीत घेते. पोरं खवळली! "असं नाहीये ते!" एक तर हातपाय आपटून रडायला लागला, त्याच्या पिल्लाला दार वाघाने उघडलं होतं आणि दोघं जेवायला बसले होते. मी रागाने लाल झाले होते, आता हिला चांगली सुनावते म्हणून उठले.

तेवढ्यात ती आत गेली, खळ घेऊन आली आणि सगळ्या पोरांदेखत तिने ते शेवटचं पान मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं. मग सतरंजीवर मांडी घालून बसली, म्हणाली, "माझं चुकलं. आता तुम्ही सांगा," आणि गप्प राहिली. पोरांचं सांगून होईपर्यंत गप्प राहिली. मला हे शिकायला कितीतरी वर्षं लागली होती. मी तिला तेव्हा काही बोलले नाही, आज लिहिते: पोरी, त्या दिवशी तू मला फार आवडलीस.

सबब पुढची खोली, पुस्तकं, सतरंजी आणि मोज्यांच्या बाहुल्या माझ्या सुनेस, पूर्ण मालकीने. मुलाचा किंवा मोठ्या शाळेचा तीवर काडीचा हक्क नाही. सुनेला मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाली असती.

कलम तीन. पुस्तकं कुलुपात ठेवू नयेत. फाटलेलं पुस्तक मुलांसमोर, मुलांच्या हातून चिकटवावं. मुख्याध्यापिकाबाईंना मी एक सकाळ ठेवून जाते: केव्हाही यावं, सतरंजीवर बसावं, गोष्ट ऐकावी. खुर्ची मिळणार नाही. घड्याळ बाहेर काढून ठेवावं.

कलम चार. माझी खुर्ची. मुलांच्या डोळ्यांना डोळे भिडावेत म्हणून यांनी तिचे पाय कापून दिले होते. ती कोणाला, हे मी लिहीत नाही. वकील म्हणाले, "बाई, कलम रिकामं ठेवता येत नाही." मी म्हटलं, "तू पिल्लाला विमान चालवायला लावलंस तेव्हा मी तुला अडवलं होतं का?" त्यांनी डोकं खाजवलं आणि लिहिलं: त्या वेळी वर्गात असलेली मुलं सांगतील त्याप्रमाणे.

शेवटची सूचना, सुनेस. मी गेल्यावर वर्ग बंद ठेवू नकोस. मुलं विचारतील, बाई कुठे आहेत. गावाला गेल्या, झोपल्या, चांदणी झाल्या, असलं काही सांगायचं नाही. बाई मेल्या म्हणून सरळ सांग. मग त्या बुटक्या खुर्चीवर बस, टकटक वाजव, पुस्तक मांडीवर पालथं ठेव आणि विचार, मग काय झालं. त्यानंतर गप्प राहा, रडू आलं तरी. दार कोणी उघडलं ते मुलं सांगतील. ती जे सांगतील ते मला मान्य आहे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, मोठ्याने. तो बरोबर आहे.

सही: बालवर्गाची बाई

साक्षीदार पहिले: डॉक्टर, या वर्गाचे माजी विद्यार्थी
साक्षीदार दुसरे: वकील, या वर्गाचे माजी विद्यार्थी, विमानवाले

ठिकाण: घराची पुढची खोली, सतरंजीवर बसून
दिनांक: शिक्क्यावर आहे तो, वर्ग सुटल्यानंतर